चेहऱ्याला लागलं, तर कुठे जायचं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ‘सभासदांचे मनोगत’ या कार्यक्रमात केलेलं हे भाषण. जसं बोललो तसंच बहुतेक लिहून काढलं आहे. संपादक मंडळाने सांगितल्यावरून थोडी माहिती नंतर वाढवली आहे.)

मुलांनो, आधी खाली बसा. मी कशावर बोलणार आहे ते ऐकलंत तर तुम्ही आपणहून बसाल.

सेक्रेटरींनी मला सांगितलं, काका, तुम्ही पहिल्या सोळा सभासदांपैकी, जुन्या आठवणी सांगा. जुन्या आठवणी सगळ्यांनीच सांगितल्या. टँकरच्या सांगितल्या, पहिल्या गणपतीच्या सांगितल्या, टेरेसच्या गळतीवर तर तीन भाषणं झाली. माझ्याकडे एकच आठवण उरली आहे. ती आजवर मी चारचौघांत सांगितली नाही, कारण तीत चूक माझी आहे. पण २५ वर्षं एका आवारात राहिलेल्या माणसांपुढे ती सांगायची नाही, तर कुणापुढे सांगायची?

२०११ सालचा जुलै महिना. रविवार. आमचा थोरला तेव्हा १९ वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. निवळीला मित्राकडे गेला होता. येताना रात्रीचे साडेआठ झाले, पाऊस धो धो, आणि कुवारबावच्या अलीकडे रस्त्यात गुरं बसलेली. आपल्याकडे पावसाळ्यात गुरं डांबरी रस्त्यावर बसतात, कारण तिथे चिखल नसतो आणि रस्ता जरा उबदार असतो. हे आपल्याला माहीत आहे, पण मोटारसायकलच्या दिव्याला काळी गाय दिसत नाही. हेल्मेट घरी, कपाटावर. पोरगं हनुवटीवर आपटलं.

एका रिक्षावाल्या भावाने त्याला उचलला आणि दवाखान्यात आणला. त्या माणसाचं नावसुद्धा मला विचारायचं सुचलं नाही, आणि त्याने भाडंही घेतलं नाही. तेव्हा १०८ ची गाडी नव्हती, ती राज्यात २०१४ साली सुरू झाली.

मी पोचलो तेव्हा हनुवटी आणि खालचा ओठ फाटलेला, शर्ट रक्ताने भरलेला. पण शुद्धीवर होता, बोलत होता. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, टाके घातले, डोक्याचा फोटो काढला. डोक्याला काही नाही म्हणाले. ‘डोक्याला काही नाही’ हे शब्द ऐकले आणि मी देवाला हात जोडले. त्या क्षणी माझ्यापुरता विषय संपला. पुढचं सगळं मला ऐकूच आलं नाही.

सोमवारी तोंड भोपळ्यासारखं सुजलं. मंगळवारी तो पेज घेताना म्हणाला, “बाबा, माझे दात बसत नाहीयेत.” मी म्हटलं, सूज आहे रे, उतरेल. बुधवारी म्हणाला, “बाबा, खालचा ओठ माझा वाटतच नाही.” मी म्हटलं, टाके घालताना भूल दिली होती ना. अरे, भूल तीन दिवस राहते का? पण माणसाला जे नको असतं त्याचं कारण तो आधीच तयार ठेवतो.

आता मी काय काम करत होतो ते तुम्हाला माहीत आहे. एस.टी.च्या वर्कशॉपात सारा जन्म गेला. गिअरच्या दाताला दात बसत नसेल तर ती गाडी मी कधी रस्त्यावर सोडली नाही. आवाजावरून सांगायचो, खोल, आत काहीतरी तुटलंय. आणि माझंच पोर मला तोंडाने सांगतंय की दाताला दात बसत नाही, तर मी त्याला म्हणतोय, सूज उतरेल. ही माझी चूक. त्या दवाखान्याला मी बोल लावत नाही. त्यांनी त्यांच्या समोर होतं ते केलं. मुलगा घरी होता, माझ्या डोळ्यांपुढे होता.

गुरुवारी संध्याकाळी बी विंगमधल्या आपल्या डॉक्टर वहिनी त्याला बघायला आल्या. तेव्हा त्यांचा दातांचा दवाखाना नवा होता. हातात शहाळं घेऊन आल्या, आणि ते खाली ठेवायच्या आधीच त्याला म्हणाल्या, “दात चाव बघू.” त्याने चावले. पुढचे दात एकमेकांना लागलेच नाहीत, मध्ये फट. मग त्यांनी टॉर्च मागितली, जीभ वर करायला सांगितली. जिभेखाली काळंनिळं झालेलं. मग दोन्ही कानांच्या पुढे बोट लावून तोंड उघडायला सांगितलं. तो ओरडला. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊ, जबडा तुटलाय. हनुवटीशी, आणि बहुतेक कानापुढेही. उद्या सकाळी कोल्हापूर.”

मी म्हटलं, इथे नाही का होणार? त्या म्हणाल्या, “हे जबड्याच्या सर्जनचं काम आहे. इथे येतात ते ठरलेल्या दिवशी येतात, आणि तो दिवस कालच गेला.” आणि माझ्याच घरातल्या फोनवरून त्यांनी कोल्हापूरला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. पाच मिनिटांत काम झालं. चार दिवस मी जे शोधायला हवं होतं ते पाच मिनिटांचं काम होतं, फक्त कुणाला विचारायचं ते मला ठाऊक नव्हतं.

रात्री त्या वेळचे आपले चेअरमन खाली गाडीची किल्ली देऊन गेले. ड्रायव्हरही त्यांनीच बघितला. पहाटे पाचला निघालो. हातखंबा, पाली, साखरपा. आंबा घाटात धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. मागच्या सीटवर पोरगं पुढे वाकून बसलेलं, तोंडाला पंचा. माझ्या मनात एकच, आज जर घाट बंद असता तर? दरड कोसळली असती तर? १३० किलोमीटरचा रस्ता आहे, पण पावसाळ्यात तो किलोमीटरमध्ये मोजायचा नसतो.

कोल्हापूरला पोचल्याबरोबर जबड्याचा पूर्ण फोटो आणि सी.टी. स्कॅन झालं. वहिनींनी टॉर्चवर सांगितलं होतं तेच निघालं. शनिवारी ऑपरेशन झालं, हनुवटीला छोट्या पट्ट्या बसवल्या आणि वरचे-खालचे दात तारेने आणि रबराने एकत्र बांधले. घरी सोडताना नर्सने माझ्या हातात तार कापायची छोटी पकड दिली. म्हणाली, काका, ही कायम याच्या उशाशी. उलटी झाली आणि गुदमरायला लागला तर तार कापायची, विचार करत बसायचं नाही. वर्कशॉपात मी हजार पकडी हाताळल्या असतील. त्या पकडीला हात लावताना माझा हात कापत होता. सुदैवाने ती कधी वापरावी लागली नाही. अजून आहे घरी.

मग पुढचे आठवडे. तोंड बंद, सगळं नळीने. आणि इथे आपल्या सोसायटीने काय केलं ते मी आज जाहीर सांगतो. सकाळी एकीकडून नाचणीची आंबील, दुपारी दुसरीकडून कुळथाचं पातळ कळण गाळून, संध्याकाळी ए विंगमधून सूप. आमच्या हिने एक दिवसही विचार केला नाही की आज याला काय देऊ. ज्यांच्याशी पार्किंगवरून माझं वर्षभर बोलणं नव्हतं, त्यांच्याकडून शेवयांची पातळ खीर आली. खर्च ६५ हजारांच्या आसपास झाला होता. माझ्याकडे निम्मे होते. उरलेले या आवारातूनच उभे राहिले. मी सगळे परत केले, पण दोघांनी घेतलेच नाहीत. ते दोघे आज इथे बसले आहेत, नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही.

डॉक्टरांना मी शेवटच्या दिवशी विचारलं, माझ्यामुळे उशीर झाला का? ते चांगले माणूस. म्हणाले, जबड्याला काही दिवस चालतात. तुम्ही पाचव्या दिवशी आलात, बरं झालं. अजून पंधरा दिवस गेले असते तर हाड वाकडं जुळलं असतं आणि मला ते पुन्हा तोडून बसवावं लागलं असतं. पण ओठाचा खालचा थोडा भाग आजही त्याला नीट कळत नाही. चहा गरम आहे की नाही ते तो वरच्या ओठाने बघतो. लवकर आलो असतो तर तेही वाचलं असतं का, हे कुणी सांगू शकत नाही. मी मात्र तो चहा पिताना बघतो तेव्हा मला तो मंगळवार आठवतो.

याच डॉक्टरांनी राउंडला आल्यावर त्याला एक गोष्ट सांगितली. मला ती इतकी आवडली की नंतर मी ती वाचून काढली. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठी शेतकरी होता. इंग्रजी कागदांत त्याचं नाव कावसजी असं आहे. तो टिपूच्या माणसांच्या हाती लागला आणि त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ कुंभार किंवा वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं.

कसं केलं ते ऐका. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाचा केला, तो कपाळावर उलगडून ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोलली. पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्तपुरवठा चालू. ती कातडी फिरवून नाकाच्या जागी बसवली. टाका एकही नाही. चिकटवायला काय, तर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या चिंध्या! आपल्या कोकणच्या खैराचा होतो, तोच पानातला कात. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. साधारण पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली, नाक तयार. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर हे बघायला हजर होते. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे सगळं चित्रासकट छापून आलं. ते वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने वीस वर्षं विचार केला, आणि १८१४ साली तीच पद्धत तिकडे करून दाखवली. आज जगभर प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात ही पुण्याची हकिगत सांगतात. आणि आपल्याकडे तर सुश्रुतापासून नाकाची शस्त्रक्रिया आहे.

मुलाने हे ऐकून बांधलेल्या तोंडाने पाटीवर लिहिलं, “कुंभार कुठे राहतो हे त्याला कुणी सांगितलं?” डॉक्टर हसले. पण मला वाटतं प्रश्न तोच आहे. कारागीर होता, पुण्याजवळच होता. तरी तिथे पोचायला त्या माणसाला वर्ष लागलं. आम्हाला चार दिवस लागले. आज कुणाला चार तासही लागू नयेत, म्हणून पुढचं सांगतो. यातली वैद्यकीय माहिती माझी नाही. डॉक्टर वहिनींनी समोर बसून दुरुस्त करून दिली आहे.

पहिली गोष्ट. चेहरा बघून घाबरू नका आणि चेहरा बघून निर्धास्तही होऊ नका. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे लहान जखमेतूनही खूप रक्त येतं. उलट बाहेर फक्त दोन टाके आणि आत हाड तुटलेलं, असंही असतं. आधी श्वास बघायचा. माणूस शुद्धीवर असेल आणि मानेला मार नसेल, तर त्याला बसवून पुढे वाकवा, रक्त बाहेर पडू दे. उताणा झोपवू नका, रक्त आणि जीभ मागे जाऊन गुदमरतो. बेशुद्ध असेल तर मान न पिळता अख्खं अंग एकदम कुशीवर वळवा. स्वच्छ कापडाने दाबून धरा, दर मिनिटाला उघडून बघू नका. हळद, कॉफी, चुना काही भरायचं नाही, ते नंतर डॉक्टरांना खरवडून काढावं लागतं. काही रुतलं असेल तर उपसू नका. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ येत असेल तर बोळा कोंबू नका, नाक शिंकरू देऊ नका. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.

पडलेला दात फेकू नका. पक्का दात असेल तर वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. दुधाच्या पेल्यात टाका आणि दातांच्या डॉक्टरकडे पळा. अर्ध्या-पाऊण तासात पोचलात तर तो परत रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. कानाचा किंवा नाकाचा तुकडा तुटला तर ओल्या स्वच्छ कापडात, मग पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. तुकडा थेट बर्फात नाही. १९९४ साली उत्तर भारतात एका नऊ वर्षांच्या मुलीची वेणी मळणीयंत्रात अडकून अख्खा चेहरा सोलून निघाला होता. घरच्यांनी तो पिशवीत घालून दुचाकीवरून लुधियानाला नेला, आणि डॉ. अब्राहम थॉमस यांनी तो परत जोडला. जगातली तशी ती पहिलीच शस्त्रक्रिया. ती पिशवी बरोबर न्यायचं सुचलं म्हणून ते झालं.

दुसरी गोष्ट, ‘वेळेत’ म्हणजे किती वेळेत? इथेच आपला घोटाळा होतो. सगळ्याला एकच वेळ लावून चालत नाही.

श्वास, न थांबणारं रक्त, बेशुद्धी, उलट्या, यांना मिनिटांचा हिशेब. जवळचं जे हॉस्पिटल असेल तिथे आधी. कोल्हापूर-मुंबईचा विचार नंतर.

डोळ्याला तासांचा हिशेब. दिसणं कमी झालं, डोळा फुटल्यासारखा वाटला, तर दाबू नका, धुऊ नका. वरून कागदी कप चिकटवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे. चुना किंवा ॲसिड गेलं तर मात्र उलटं, आधी भरपूर पाण्याने धुवा, मगच निघा. लहान मूल पडल्यावर उलट्या करतंय आणि त्याचा एक डोळा वर वळत नाही, तर ‘डोळा पांढरा दिसतोय, ठीक आहे’ म्हणून थांबू नका. डोळ्याखालच्या हाडात स्नायू अडकलेला असू शकतो, त्याला एक-दोन दिवसांतच सोडवावं लागतं. नाकावर मार लागून दोन्ही नाकपुड्या आतून फुगून बंद झाल्या तरी त्याच दिवशी दाखवा. मधल्या पडद्यात रक्त साचलं तर कूर्चा मरते आणि नाक पुढे बसतं.

कुत्रा चावला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, आणि त्याच दिवशी लस. चेहऱ्याच्या चाव्याला लसीबरोबर जखमेत द्यायचं दुसरं इंजेक्शनही लागतं. ते घेतल्याशिवाय घाईने टाके घालून घेऊ नका. आपल्या गेटवरच्या कुत्र्यांचा विषय अजेंड्यावर आहेच, तो वेगळा.

साध्या फाटलेल्या जखमेला त्याच दिवशी टाके पडले की उत्तम. ओठाची कड, पापणी, कान फाटला असेल तर ‘प्लास्टिक सर्जन मिळतील का?’ एवढं विचारायला लाजू नका. ओठाच्या कडेला अर्धा मिलिमीटर चुकला तरी तो जन्मभर दिसतो.

आणि हाडांना दिवस चालतात. जबडा काही दिवसांत, नाकाचं हाड सूज उतरल्यावर साधारण पाच ते दहा दिवसांत, गालाचं हाड दोन आठवड्यांच्या आत. म्हणजे हाडासाठी मध्यरात्री वादळात घाट चढायची गरज बहुतेक वेळा नसते. पण ‘काही दिवस’ म्हणजे विसरून जायचे दिवस नव्हेत, शोधायचे दिवस. मी ते सूज उतरण्याची वाट बघण्यात घालवले.

तिसरी गोष्ट, घरच्या घरी काय बघायचं? दात पूर्वीसारखे बसतात का? खालचा ओठ किंवा गाल बधिर आहे का? तोंड दोन-तीन बोटं उघडतं का? एकाचे दोन दिसतात का? जिभेखाली काळंनिळं आहे का? यातलं एकही असेल तर चेहऱ्याचं सी.टी. स्कॅन झालं का ते विचारा. नुसता डोक्याचा फोटो पुरत नाही. आणि लहान मुलं हनुवटीवर पडतात, आपल्या जिन्यात तर दर महिन्याला एक पडतं. टाका घातला की आपण मोकळे. पण धक्का कानापुढच्या सांध्याला जातो. तिथलं हाड मोडून राहिलं, तर पुढे वर्षा-दोन वर्षांत मुलाचं तोंडच उघडेनासं होऊ शकतं, जबड्याची वाढ खुंटते. म्हणून टाका घातल्यावर सांधाही बघा म्हणून सांगायचं.

चौथी गोष्ट, कुणाकडे? जबडा, दात, गालाचं हाड असेल तर मुख व जबड्याचे सर्जन, ज्यांना मॅक्सिलोफेशियल म्हणतात. ते मुळात दातांचे डॉक्टर असतात, म्हणून आपल्याला सुचत नाहीत. कातडी, ओठ, कान, मोठी फाटलेली जखम असेल तर प्लास्टिक सर्जन. नाक आणि घसा, कान-नाक-घशाचे. डोळा डोळ्यांचे. मार मोठा असेल तर हे सगळे एका छपराखाली असलेलं हॉस्पिटल बघायचं. आपल्याकडे जिल्हा रुग्णालय आहेच, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालंय. सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. घाटावर कोल्हापूरला सी.पी.आर. आहे आणि खासगी आहेत. खाली गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज. मुंबईत के.ई.एम., जे.जे., सायन, आणि सरकारी डेंटल कॉलेज. पण कुठेही निघण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारा, ‘हे काम करणारे डॉक्टर आज आहेत का?’ पाटीवर नाव असणं आणि माणूस आज असणं यात फरक आहे. आणि पहिल्या दवाखान्यातून निघताना काय इंजेक्शनं दिली, काय सापडलं याची चिठ्ठी आणि फोटो-स्कॅन बरोबर घ्या.

पाचवी गोष्ट, पोलीस आणि पैसा. अपघाताची केस आहे, आधी पोलीस, असं कुणी म्हटलं तर शांतपणे सांगा की आधी उपचार. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात हे सांगून ठेवलंय. सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच आहे की मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, नाव सांगायची सक्ती करायची नाही. त्या रिक्षावाल्या भावासारखा माणूस कचरू नये म्हणून हा कायदा. पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या रुग्णालयांत यादीतल्या उपचारांना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि ते आता सगळ्या शिधापत्रिकाधारकांना केलं आहे. रस्ते अपघातासाठी केंद्राची २०२५ ची योजना वेगळी आहे, ठरलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे उपचार बिनपैशाचे. रेशनकार्ड कुठल्या डब्यात आहे ते आधी माहीत हवं, एवढंच.

आता कमिटीपुढे माझ्या तीन सूचना. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून कमान उभारायचं चाललंय, जरूर उभारा. पण पहिली सूचना, वॉचमनच्या केबिनवर एक पत्र्याची पाटी लावू. १०८, जिल्हा रुग्णालय, डोळ्यांचे, दातांचे, जबड्याचे, प्लास्टिक सर्जरीचे फोन नंबर, आणि कोणते डॉक्टर रत्नागिरीत कोणत्या वारी असतात ते. दर सहा महिन्यांनी ती कुणीतरी फोन करून तपासायची. ते काम मी करीन, रिटायर माणूस आहे. दुसरी, प्रत्येक घराने एका पाकिटात रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स, रक्तगट आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते लिहून दाराच्या मागे टांगायचं. तिसरी, रात्री-अपरात्री गाडी द्यायला कोण तयार आहे त्याची यादी. माझ्या वेळी चेअरमनना न सांगता सुचलं. नव्या विंगमध्ये नवी कुटुंबं आली आहेत, त्यांना कुणाचं दार वाजवायचं ते माहीत असायला हवं.

आणि मुलांनो, हेल्मेट कपाटावर ठेवायची वस्तू नाही. घ्याल तर तोंड झाकणारं पूर्ण घ्या. अर्ध्या टोपीने डोकं वाचतं, हनुवटी नाही.

आमचा थोरला आज पुण्यात आहे. लग्न झालंय, दोन वर्षांची मुलगी आहे. हनुवटीवरच्या व्रणावर दाढी येत नाही, तर नात तिथे बोट ठेवून विचारते, बाबा, हे काय? तो सांगतो, गाय. तिला वाटतं गायीने पापा घेतला. मोठी झाली की खरं सांगू.

डॉक्टर वहिनी इथे आहेत. वहिनी, त्या दिवशी तुम्ही शहाळं खाली ठेवायच्या आधी म्हणालात, दात चाव बघू. मी तुमचे आभार तेव्हा मानले नाहीत, कारण मला माझी लाज वाटत होती. आज २५ वर्षांच्या सगळ्या मंडळींसमोर मानतो.

संस्थेला सुवर्णमहोत्सवासाठी शुभेच्छा. तेव्हा मी असेन-नसेन, पाटी मात्र असू दे, आणि तिच्यावरचे नंबर लागू देत.

जय हिंद, जय महाराष्ट्र.

— एक संस्थापक सभासद, ए विंग